आंब्याची पेटी

आमच्या घरात ससे आले ते चिरंजीवांच्या हट्टामुळे आणि टिकले ते सासूबाईंमुळे. यातली दुसरी गोष्ट त्या वेळी कोणी सांगितली असती तर मी हसले असते, आणि सासूबाईंनी सांगणाऱ्याला दारात उभे केले नसते.

२०१९ ची दिवाळी. चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचे. फटाके नकोत, कपडे नकोत, ससे हवेत, असा त्यांचा बाणा. ह्यांचे काय, फटाक्यांचा खर्च वाचला एवढ्यावरच स्वारी खूष! लातूरला बाजाराला म्हणून गेले आणि येताना झाकणाच्या टोपलीत दोन ससे घेऊन आले. एक पांढरीशुभ्र, तिचे नाव आम्ही कापशी ठेवले. दुसरी करड्या रंगाची, ती भुरी. विकणाऱ्याने सांगितले होते, "दोन्ही माद्या हायत. माद्या भांडत न्हाईत, आन् पिल्लांचीबी भानगड न्हाई." या एवढ्याशा बोलण्यात तीन विधाने होती आणि तिन्ही खोटी ठरली. माद्या एकमेकींशी चांगल्या कडकडून भांडतात, हे पुढे कळले. भुरीचा भुऱ्या झाला तो त्याआधीच.

आमचे घर औशाच्या जुन्या वस्तीत. औसा म्हटले की लोकांना खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला आठवतो, नाहीतर नाथ संस्थानचे चक्री भजन. घर जाड मातीच्या भिंतींचे आणि वर माळवद. त्यातली मागची तीन खणे १९९३ च्या भूकंपानंतर मामंजींनी उतरवली आणि वर पत्रे टाकले. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबरच्या त्या पहाटेनंतर डोक्यावर मातीचे ओझे घेऊन झोपायची कोणाची छाती नव्हती. देवघर तेवढे माळवदाचे राहिले, कारण तिथे कोणी झोपत नव्हते. घराचे हे वर्णन मी उगीच करीत नाही. ते पुढे सशांच्या कामी येणार आहे.

पिंजरा मागच्या पडवीत, पत्र्याखाली ठेवला. सासूबाईंनी लांबूनच पाहिले आणि म्हणाल्या, "उंदराच्या जातीचं जनावर घरात आणलं व्हय!" चिरंजीवांनी लगेच पुस्तक काढून दाखवले की ससा उंदराच्या कुळातला नाही, पूर्वी तसे समजत, पण १९१२ पासून शास्त्रज्ञांनी त्याला वेगळ्या गणात घातले आहे. सासूबाई म्हणाल्या, "त्यांनी घातलं आसंल. आपण न्हाई घातलं." तो विषय तिथे संपला.

डिसेंबर लागला तसे कापशीचे वागणे बदलले. तोंडात वाळल्या गवताच्या काड्या आडव्या धरून ती पिंजऱ्यात इकडून तिकडे फिरू लागली. काड्यांच्या तिला जणू पांढऱ्या मिशा फुटल्या होत्या. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी ती पोटाचे नि मानेखालचे केस उपटू लागली तेव्हा हसू थांबले. हे म्हणाले, खरूज झाली असावी, उद्या औषध आणू.

उद्या उजाडला तो १२ डिसेंबरचा. अंगावर काटा येईल अशी थंडी होती. मी पाणी तापवायला उठले आणि सहज पिंजऱ्याकडे नजर गेली. जाळीच्या तळावर बोटाएवढी सात पिल्ले पसरली होती. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, रंग शिजल्या बटाट्यासारखा. उपटलेले केस वाऱ्याने जाळीत अडकून फडफडत होते. कापशी एका कोपऱ्यात बसून शांतपणे घास खात होती.

माझ्या तोंडून काय निघाले ते मला आठवत नाही, पण त्याने सासूबाई उठून आल्या. महिनाभर पिंजऱ्याच्या वाऱ्यालाही न उभी राहिलेली ही बाई, त्यांनी सातही पिल्ले पदरात गोळा केली. "सगळी गेलीत," मी म्हटले. त्या म्हणाल्या, "गार झालेलं लेकरू गेलं म्हणू न्हाई. आधी ऊब दे, मग काय ते म्हण." त्यांनी तांब्यात कोमट पाणी घेतले, त्याला जुन्या लुगड्याचे फडके गुंडाळले आणि पिल्ले त्याला चिकटवून ठेवली. अर्ध्या तासाने सहा तशीच थंड राहिली. सातव्याने मागचा पाय हलवला.

पुढे डॉक्टरांनी सांगितले की सासूबाईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. सशाचे नवजात पिल्लू स्वतःच्या अंगाची ऊब टिकवू शकत नाही. गारठले की त्याचा श्वास, हालचाल सगळे इतके मंदावते की ते मेल्यासारखेच दिसते, आणि ऊब मिळाली तर त्यातले एखादे परत येते. आमचे आले होते. त्याला मारले ते मी. मी त्याला ड्रॉपरने गाईचे दूध पाजले, दर दोन तासांनी, रात्रीचे गजर लावून. तिसऱ्या दिवशी ते गेले. सशिणीच्या दुधात गाईच्या दुधाच्या तिपटीने स्निग्धांश असतो. गाईचे दूध म्हणजे त्याला पाणीच. शिवाय अननुभवी हाताने पाजलेले दूध छातीत उतरते ते वेगळेच. मी त्याला माझ्या मुलासारखे पाजत होते, आणि चूक झाली ती नेमकी तिथेच.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेले. दिवसभर म्हशी आणि बैल, त्यामुळे सशाचे नाव काढताच त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी भुरीला उचलून उलटे केले आणि म्हणाले, "ही भुरी नव्हे." मग ह्यांच्याकडे वळून, "दोघे अजून एकाच पिंजऱ्यात आहेत?" हे म्हणाले, "हो, एकमेकांना सोबत म्हणून." डॉक्टर म्हणाले, "मग कॅलेंडरवर १२ जानेवारीला खूण करून ठेवा. सशाची मादी व्याल्याच्या दिवशीसुद्धा पुन्हा गाभण राहते. एकतीस दिवस धरा, एखादा दिवस मागेपुढे."

ह्यांनी घरी येताच दोन गोष्टी केल्या. भुऱ्याला वेगळ्या पिंजऱ्यात टाकले आणि कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. दर महिन्याला सात धरले तर वर्षाला किती, त्यांतल्या निम्म्या माद्या धरल्या तर पुढे किती. चिरंजीवांनी त्यात भर घातली ती ऑस्ट्रेलियाची. थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने १८५९ साली शिकारीची हौस म्हणून इंग्लंडहून सुमारे दोन डझन ससे मागवून सोडले आणि पुढे सगळा देश सशांनी भरला, मैलच्या मैल कुंपणे घालावी लागली. हे त्या रात्री नीट जेवले नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलेली मुख्य गोष्ट पेटीची. रानातली सशीण जमिनीत बीळ खणते आणि त्यात पिल्ले घालते. पिंजऱ्यात बीळ कुठून आणणार? म्हणून पेटी द्यायची. पेटी म्हणजे लाकडाचे बीळ. दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. समोरची बाजू अर्धी कापलेली, म्हणजे आईला उडी मारून जाता-येता येते पण पिल्ले बाहेर लोळत नाहीत. तळाला चार-सहा भोके, ओल राहू नये म्हणून.

ही मापे ऐकताच मला माळ्यावरची हापूसची रिकामी पेटी आठवली. देवगडचा शिक्का असलेली, फळकुटांची. मी ती बंबात घालायला ठेवली होती. ह्यांनी करवत काढली. ह्यांचे सुतारकाम हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढेच सांगते की पुढची बाजू कापताना बाजूची फळी निघाली, ती ठोकताना तळ निघाला आणि शेवटी शेजारच्या सुताराने दहा मिनिटांत सगळे सरळ करून दिले. त्याने एक काम न सांगता केले. आतून हात फिरवून निघालेला प्रत्येक खिळा वाकवून ठोकला. "आत लेकरं राहणार न्हवं?" म्हणाला.

गवताची गंमत झाली ती वेळा अमावस्येला. लातूर-धाराशिवकडची मंडळी वाचत असतील तर त्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते की मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडे गावेच्या गावे ओस पडतात आणि सगळे शेतात जेवतात. कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. जेवण झाल्यावर सगळे झाडाखाली कलंडले आणि मी बांधावरची वाळलेली हरळी पोत्यात भरू लागले. कडबा फार जाड, सोयाबीनचे भुसकट फार धुळीचे, हरळी मऊ. शेतावरच्या गड्याने तुरीच्या ओळीतून काहीतरी ओंजळीत आणले. "बाई, तुमाला ससं लागतेत म्हनं." रानसशाचे पिल्लू! अंगभर केस, डोळे टक्क उघडे, वाऱ्यावर नाक हलतेय. जन्मून एक-दोन दिवसच झाले असतील.

मला आश्चर्य वाटले. आमची ती शिजल्या बटाट्यासारखी, आणि हे असे तयार होऊन आलेले! आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण ही जातच वेगळी. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. म्हणून त्यांची पिल्ले उघडी नि आंधळी जन्मली तरी चालते. आपला रानससा उघड्यावर गवतात विणारा. त्याच्या पिल्लाला पहिल्या दिवसापासून सावध असावे लागते. ते पिल्लू मी जिथून आणले तिथेच परत ठेवायला लावले. एक तर १९७२ च्या कायद्याने रानससा पाळता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी ठेवले नसते. त्याची आई जवळपास नव्हती. गडी म्हणाला, "टाकून गेली आसंल." चिरंजीव म्हणाले, रात्री येईल. मी काहीच बोलले नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी, ९ जानेवारीला, पेटी पिंजऱ्यात ठेवली. फार आधी ठेवली तर मादी तिचा संडास करते. फार उशीर केला तर काय होते ते आम्ही पाहिलेच होते. तळाला सुताराकडचा रंध्याचा भुसा, वर हरळी आणि मध्ये मुठीने केलेला खळगा. पेटीची जागा, जिथे ती नेहमी घाण करते त्याच्या समोरच्या कोपऱ्यात. कापशीने पेटी हुंगली, आत गेली, माझा खळगा साफ मोडून टाकला आणि स्वतःचा केला.

१२ च्या सकाळी पेटीत पांढऱ्या केसांचा ढीग होता आणि तो ढीग श्वास घेत होता. बोट घातले तर आत तव्याखालच्या राखेसारखी ऊब. सहा जिवंत, एक मेलेले. मेलेले तेवढे काढून टाकले. माणसाचा हात लागला की आई पिल्ले टाकते हा समज चुकीचा आहे. हाताला पेटीतलेच गवत चोळून घ्यावे आणि रोज एकदा पाहावे, असे डॉक्टरांनी सांगितलेच होते.

इथवर सगळे ठीक होते. पुढे जे घडले, किंवा घडले नाही, त्याने माझी झोप उडाली. कापशी पिल्लांकडे जाईचना! दिवसभर ती दुसऱ्या टोकाला बसून घास खाई, कान चाटी, डुलक्या घेई. पेटीकडे पाहणेसुद्धा नाही. मांजर कशी पिल्लांना कुशीत घेऊन पडते, कोंबडी कशी पंखाखाली घेते! ही मात्र शेजारणीची मुले असल्यासारखी.

मला माहीत होते, बरे का. डॉक्टरांनी समजावून सांगितले होते की सशीण दिवसातून एकदाच, फार तर दोनदा पाजते आणि तेही तीन-चार मिनिटे. तेवढ्यात पिल्लू आपल्या वजनाच्या पाव-तिसऱ्या हिश्शाएवढे दूध पिते. रानात ती पाजून झाले की बिळाचे तोंड मातीने बुजवते आणि लांब निघून जाते, कारण ती जवळ बसली तर तिच्या वासाने कोल्हा-लांडगा पिल्लांपर्यंत पोचेल. लांब राहणे हीच तिची राखण. रोज सकाळी मी पिल्लांची पोटे पाहत होते, ती टरारलेली असत; दूध कातडीतून पांढरे दिसे. एक लहानखुरे तेवढे सुरकुतलेले राही. म्हणजे कोणीतरी पाजत होते खास. पण डोक्याला माहीत असणे वेगळे.

१५ ला संक्रांत. हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या आणि वाण घेऊन झाल्यावर सगळ्या ससे पाहायला पडवीत. कोणी म्हणाले, "आई कुठंय?" मी कापशी दाखवली. "ती तिकडं आन् लेकरं हिकडं?" तेव्हा सासूबाई मागून म्हणाल्या, "तेच बघायले मी चार दिस. लेकरं पेटीत आन् ही आपली खात बसती. कसली आई बाई!"

सगळ्या हसल्या. मी तिळगुळाची वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच उभी राहिले.

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते, याच आवाजात. चिरंजीवांचा जन्म २००८ चा, पण ते आठव्या महिन्यातच आले. वजन चौदाशे ग्रॅम. लातूरच्या दवाखान्यात त्यांना काचेच्या पेटीत ठेवले, सव्वीस दिवस. मला आठव्या दिवशी घरी सोडले, कारण बाळंतिणीला तिथे राहायची सोय नव्हती. सकाळच्या एस.टी.ने मी लातूरला जाई, दूध काढून वाटीत देई, ठरल्या वेळी काचेतून पाही, आणि संध्याकाळची भेट झाली की वीस किलोमीटर परत. त्या दिवसांत एकदा ओसरीवर कोणीतरी बाळाची विचारपूस करायला आले होते. मी आत पदर तोंडाला लावून बसले होते. सासूबाई बाहेर सांगत होत्या, "लेकरू पेटीत आन् आई घरात. कसली आई बाई!" त्या काही दुष्टपणाने म्हणाल्या नसतील. नशिबाला म्हणाल्या असतील. पण अकरा वर्षे मी ते वाक्य कोणालाही, ह्यांनासुद्धा, सांगितले नव्हते.

त्या रात्री मी झोपले नाही. साडेतीनला शाल घेऊन पडवीच्या पायरीवर जाऊन बसले. झिरोचा दिवा लावून ठेवला होता. थोड्या वेळाने मागे काकणे वाजली. सासूबाई पहाटेच उठतात, हरिपाठ म्हणतात. "काय बघायलीस?" म्हणाल्या. मी म्हटले, "आत्याबाई, बसा जरा. बोलू नका." त्या खरेच बसल्या.

चारच्या सुमारास पेटीतला केसांचा ढीग हलू लागला. कापशी अजून जागची हलली नव्हती, पण पिल्ले अंगावरचे केस ढकलून वर येऊ लागली. आई यायची वेळ त्यांना आधी कळते. शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलेले आहे. डोळे मिटलेले, कान बंद, तरी एवढ्याशा वेळात त्यांना स्तन सापडतो, कारण सशिणीच्या दुधात एक विशिष्ट वासाचे द्रव्य असते आणि त्या वासामागे ती धावतात. २००३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी ते द्रव्यही शोधून काढले. मला त्या क्षणी यातले काही आठवले नाही. कापशीने अंग ताणले, कान उभे केले आणि एका उडीत पेटीत. ती बसली नाही. पिल्लांवर कमान करून उभी राहिली. खालून चुरुचुरु, चुटचुट असा आवाज येऊ लागला, पावसाचे थेंब कोरड्या पानांवर पडावेत तसा. तिचे डोळे उघडे होते आणि ती आमच्याकडे पाहत होती. तीन मिनिटे, जास्तीत जास्त चार. मग एका उडीत बाहेर. पिल्ले पुन्हा केसांत शिरली, ढीग स्थिर झाला. कापशी आपल्या कोपऱ्यात जाऊन तोंड धुऊ लागली.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यवढ्यात भागतं व्हय त्यांचं?"

"भागतं," मी म्हटले.

पुन्हा गप्प. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "तुला तिथं दवाखान्यात किती वेळ थांबू द्यायचे गं?"

"दहा मिनिटं. सकाळी दहा, संध्याकाळी दहा."

त्या उठल्या. "चहा टाकते," म्हणाल्या. घरात चहा मी टाकते, गेली वीस वर्षे. त्या दिवशी त्यांनी टाकला. साखर फार झाली होती.

लहानखुऱ्याचा प्रश्न डॉक्टरांनी सोडवला: इतर जागी व्हायच्या आधी आईला धरायचे आणि त्याला एकट्याला पाजून घ्यायचे. पहाटे कापशीला मांडीवर कोण धरणार? मी धरले तर ती लाथा झाडी. सशाची मागची लाथ खाल्ल्याशिवाय तिची ताकद कळत नाही. सासूबाईंनी तिच्या डोळ्यांवर पदर टाकला आणि ती गप झाली. पाच दिवस हा उद्योग चालला. दहाव्या दिवशी मोठ्यांचे डोळे उघडले, अकराव्या-बाराव्या दिवशी लहानखुऱ्याचे. अठराव्या दिवशी सगळी पेटीबाहेर उड्या मारत होती आणि महाशिवरात्रीनंतर आम्ही पाच पिल्ले वाटून टाकली. लहानखुरे राहिले.

मग आली धुळवड, १० मार्च २०२०. रंगाच्या गडबडीत चिरंजीवांनी भुऱ्याची कडी लावली नाही. ह्यांनी न बोलता कॅलेंडरवर १० एप्रिलला खूण केली. त्या दोन तारखांच्या मध्ये काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. २५ मार्चपासून देश बंद, एस.टी. बंद, देवळे बंद. सासूबाईंचा मठ बंद झाला तो त्यांना फार लागला. कापशीला मात्र साथीचे काही देणेघेणे नव्हते. तिने १० तारखेलाच आठ पिल्ले घातली.

आम्ही आता स्वतःला जाणकार समजत होतो. जानेवारीसारखीच पेटी भरली, हरळी दाबून, वर केस. अकराच्या दुपारी पाहतो तर पिल्ले केसांच्या वर येऊन एकमेकांपासून लांब लांब पडलेली, अंग लालबुंद, तोंडे उघडी. दोन गेलेली. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला आणि डोक्यावर पत्रा. थंडीत ज्याने वाचवले त्यानेच मारले. सशाला घाम येत नाही. मोठ्याची उष्णता कानांवाटे जाते, पण पिल्लाला तेवढे कान कुठले? डॉक्टर फोनवर म्हणाले, केस बहुतेक काढून घ्या, गवत पातळ करा, पिंजऱ्याभोवती ओले गोणपाट लावा, आणि घरात त्याहून गार जागा असेल तर पेटीच तिथे हलवा. पाजायच्या वेळी आईकडे न्यायची, परत आणायची.

गार जागा घरात एकच होती. हात-हात जाडीच्या भिंती, वर माळवद, दुपारीसुद्धा माठाजवळ बसल्यासारखे वाटते. पण ते म्हणायचे कोणी? हे माझ्याकडे पाहू लागले, मी ह्यांच्याकडे. सासूबाई आतून ऐकत होत्या. उठल्या, पेटी उचलली आणि देवघरात नेऊन विठोबाच्या खाली, समईच्या उजव्या बाजूला ठेवली. "तिकडं मठात जाऊ देईनात," म्हणाल्या, "हितं तरी कुणी यावं."

महिनाभर पेटी तिथे राहिली. पहाटे पाचला आणि रात्री नऊला ती उचलून कापशीकडे न्यायची. वेळ सांभाळायचे काम सासूबाईंनी आपणहून घेतले. पिंजऱ्याचे दार उघडून त्या म्हणत, "चल गं बाई, तुझी भेटायची वेळ झाली." आणि ती पेटीत असेपर्यंत पडवीत कोणालाही बोलू देत नसत. चार मिनिटे झाली तरी पेटी लगेच उचलत नसत. थांबत. कापशी स्वतः बाहेर पडली तरच उचलायची. सहाच्या सहा पिल्ले जगली.

कापशी २०२४ च्या पावसाळ्यात गेली, आमच्याकडे आल्यापासून पाचव्या वर्षी. भुऱ्या तिच्या आधीच गेला होता. लहानखुरे अजून आहे, म्हातारे झाले आहे आणि देवघराच्या उंबऱ्याशी येऊन पडते. चिरंजीव शिकायला बाहेरगावी असतात. फोनवर आधी त्याची चौकशी, मग आमची. पेटीचा तळ कुजला तेव्हा ह्यांनी ती बंबासाठी फोडायला घेतली होती, पण सासूबाईंनी फळ्या वेगळ्या करून माळ्यावर ठेवायला लावल्या.

यंदा मे महिन्यात ह्यांनी हापूस आणले ते पुठ्ठ्याच्या खोक्यातून. हल्ली तसेच मिळतात. आंबे आढीत घालून झाल्यावर सासूबाईंनी रिकामे खोके हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, तळावर बोटाने दाबून पाहिले आणि "ह्याचं काई व्हायचं न्हाई" म्हणून रद्दीत टाकले.